आबाजी, पाचपैकी पाच

“सर, बाई पोटुशी असली आणि तिचं हृदय बंद पडलं, तर दाबायचं कुठं?”

हे मी विचारलं. माईकवर. शाळेच्या हॉलमध्ये, नववी ते बारावीच्या सगळ्या पोट्ट्यापोट्टींसमोर, भंडाऱ्याहून आलेल्या डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून. माझ्या वर्गातल्या रेणू आणि गुड्डीनं पैज लावली होती की रत्नमाला ‘पोटुशी’ हा शब्द माईकवर उच्चारूच शकणार नाही. “अवं, ते तं मास्तरले ‘मे आय कम इन’ म्हणतानाबी घामेजते,” असं गुड्डी रेणूला माझ्यासमोरच म्हणाली. ती म्हणत होती ती रत्नमाला मागच्या वर्षीची. त्यानंतर गॅदरिंगमध्ये निवेदनाची मुलगी आजारी पडली, बाईंनी मला ढकललं, आणि दोन तास बोलून झाल्यावर मला शोध लागला की आपल्याला आवाज आहे. चांगला मोठा आहे. तेव्हापासून मी तो सगळीकडे घेऊन फिरते, नवीन सायकल घेऊन फिरावं तसा. घंटी वाजवायला कारण लागत नाही.

तर हॉल हसला. आधी पोट्टे हसले, मग पोट्टे हसले म्हणून पोट्ट्या हसल्या, मग मराठीच्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. डॉक्टर काही हसले नाहीत. तरुण होते, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, आणि टेबलावर त्यांनी आणलेला रबरी पुतळा आडवा पडला होता. त्याला नुसतं धड आणि डोकं. अर्धा तास आम्ही रांगेनं त्याची छाती दाबत होतो. ते म्हणाले, “नाव काय तुझं? रत्नमाला, ये इकडं. आणि कोणाचं तरी दप्तर आण.” मी गुड्डीचंच दप्तर उचललं. पुतळ्याचं धड जिथं संपत होतं तिथं त्यांनी ते ठेवलं. आत डबा खडखडला, पुन्हा हशा. “हे पोट,” ते म्हणाले. “बाई आडवी असली की हे सगळं वजन पाठीकडच्या मोठ्या नसेवर पडतं. खालचं रक्त वर हृदयाकडं येतच नाही. तुम्ही छाती कितीही दाबा, विहिरीत पाणीच नसेल तर मोटर चालवून काय फायदा? म्हणून दोन माणसं पाहिजेत. एकानं छाती दाबायची, तिथंच, मधोमध, तेवढ्याच जोरात. गरोदर आहे म्हणून हळू नाही. आणि दुसऱ्यानं दोन्ही हातांनी पोट बाईच्या डावीकडं सरकवून धरायचं. छातीवरचा माणूस थकला की बदलायचा. पोटावरचे हात काढायचे नाहीत.”

मी सरकवलं. माझ्या डावीकडं. “बाईच्या डावीकडं,” डॉक्टर म्हणाले, तेव्हा ते स्वतः थोडे हसले. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि दप्तर दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढून धरलं. समोरून बारावीचा एक मुलगा छाती दाबत होता, दप्तर प्रत्येक दाबासरशी हलत होतं, कापडाखालून डब्याची कड हाताला लागत होती, आणि अचानक मला ते दप्तर कोमट वाटलं. खरंच वाटलं. कारण त्या हॉलमध्ये एवढ्या माणसांत फक्त मला माहीत होतं की माझी आई पोटुशी आहे. सहावा महिना. माझं वय सोळा आणि तिचं एकेचाळीस.

डॉक्टर बोलत होते ते मला लांबून ऐकू येत होतं. आधी एकशे आठला फोन. बाईचं हृदय लगेच सुरू झालं नाही तर दवाखान्यात तिथल्या तिथं पोट उघडून बाळ बाहेर काढतात, चार-पाच मिनिटांत. “बाळासाठी?” असं मराठीच्या बाईंनी विचारलं, आणि डॉक्टर म्हणाले, “बाळासाठीही. पण पहिल्यांदा आईसाठी. वजन उतरलं की तिचं रक्त फिरायला लागतं. आधी आई, लक्षात ठेवा. आणि हे फार क्वचित होतं बरं का, घाबरू नका. फक्त ज्यांचं बीपी वाढलेलं, वय जास्त, त्यांनी मोठ्या दवाखान्याजवळ राहावं, एवढंच.” एवढंच! माझे हात अजून दप्तरावर होते. त्यांनी दोनदा “झालं, सोड आता” म्हटल्यावर मी ते सोडलं.

जागेवर आले तर रेणू माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, “मानलं बाप्पा तुले. अन् पांढरी काहून पडली?” मी म्हटलं, दाबून दाबून भूक लागली. हेही खोटं नव्हतं. मला आनंद झाला की भूक लागते, दुःख झालं की भूक लागते, आणि त्या वेळची भूक यातली कोणती, हे मला सांगता आलं नसतं.

तुमसरला डिसेंबरात हवेला उसन्या म्हणजे उकड्या तांदळाचा वास असतो. राइस मिल दिवसरात्र चालू, बाजार समितीपाशी धानाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर भुशाची काळी राख. सायकलवरून घरी येताना तो वास नाकात घेत मी दुकानातल्या त्या दुपारचा विचार करत होते. आमचं कापडाचं दुकान आहे. आधी आमच्या घरात माग होता, आबाजी म्हणजे माझे आजोबा मोतीलाल स्वतः विणायचे. आता मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्यात आणि त्यावर साड्यांचे गठ्ठे असतात. त्या दुपारी बाबांनी मला दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं. आई तिथं पाय लांब करून बसली होती. बाबांनी एक साडी घडी केली, उलगडली, परत घडी केली आणि त्या साडीकडं बघत म्हणाले, “तुले भाऊ नाहीतर बहीण होणार आहे.” मी म्हटलं, “बरं.” ते म्हणाले, “आबाजीले सांगू नको. बाहेर तं बिलकुलच नाही.” मी म्हटलं, “बरं.” आणि सायकल काढून निघून गेले. नंतर हळूहळू बाकीचं कळलं. आईचं बीपी वाढलेलं आहे, रोज गोळी आहे, इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावून सांगितलंय की या वयात बाळंतपण भंडाऱ्यालाच करा, तिथं ऑपरेशनची सोय आहे, रक्त आहे. आणि तरीही आई येत्या सोमवारी नाकाडोंगरीला चालली होती. तिच्या माहेरी. तिकडच्या आजीची तब्येत बरी नसते, हे सगळ्यांना सांगायचं कारण. पोट पदराआड लपतंय तोवर जायचं आणि बाळ घेऊनच यायचं. नाकाडोंगरी म्हणजे जंगल, मॅंगनीजच्या खाणी, मामाची बाग आणि फार गोड बोरं. ऑपरेशन थिएटर त्यात नाही. बाबा म्हणत होते, “वेळ आली तं गाडी करू.” चार-पाच मिनिटांत कोणती गाडी नाकाडोंगरीहून कुठं पोचते, हे मला आज दप्तर धरल्यावर पहिल्यांदा कळलं.

हे सगळं आबाजींच्या लाजेपायी आहे, असं मी धरून चालले होते. कारण आमच्याकडं सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही काही, तशी रीतच आहे. आबाजी आणि आई एकाच खोलीत असले तरी आबाजी म्हणतात, “रत्ने, तुह्या मायले म्हणा, चहात साखर कमी आहे.” आणि आई म्हणते, “रत्ना, मामाजीले सांग, मुद्दाम कमी टाकली, शुगर वाढली त्यायची.” दोघांनाही ऐकू गेलेलं असतं, पण मी मध्ये उभी राहून “हं” म्हणेपर्यंत ते पोचलं असं धरत नाहीत. बोलता यायला लागल्यापासून मी हेच करत आले. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं अशीच असतात, त्यांचं बोलणं आपल्यातून आरपार जावं लागतं. माझ्या आधी इथली आजी, आबाजींची बायको, हे काम करायची. आजी गेल्यावर आणि मी बोलायला लागण्याआधी मधली दीडेक वर्षं त्या दोघांनी कशी काढली असतील, याचा विचार केला की मला हसू येतं.

घरी आले तर बैठकीत सभा भरलेली. शालूताई आली होती. आमच्याच गल्लीतली, नागपूरला मानसशास्त्रात एम.ए. करते, आणि तिला म्हाताऱ्या माणसांचा स्वभाव मोजायचा होता. मोजायचा म्हणजे खरोखरच आकड्यात. मोबाइलमध्ये प्रश्न, ‘मी माणसांत रमतो’, ‘मी लवकर काळजीत पडतो’ असे, आणि प्रत्येकाला एक ते पाचपैकी एक उत्तर. अजिबात नाही म्हणजे एक, अगदी बरोबर म्हणजे पाच. आबाजी, शेजारचे मारोतराव आणि गल्लीतले आणखी तिघं लोडाला टेकून बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे ताठ. मी दप्तर टाकून उंबऱ्यातच बसले.

“आबाजी, तुम्हाला माणसांत राहायला आवडतं?”

“पाच.”

“आणि एकटं राहायला?”

“पाच.”

“तुमचा राग लवकर जातो?”

“पाच लिहा बेटा.”

“हातात घेतलेली कामं तुम्ही अर्धवट सोडता?”

“पाच, पाच.”

मी ओरडणारच होते. मागावरचं लुगडं पुरं केल्याशिवाय जे आबाजी जेवायला उठत नसत, ते कामं अर्धवट सोडतात? मारोतराव त्यांच्याही पुढं. त्यांना प्रश्न पुरा व्हायची वाट बघवत नव्हती, शालूताईनं “तुम्ही” म्हटलं की ते “पाच” म्हणत. शालूताईनं मला आतल्या खोलीत ओढलं आणि कपाळ धरून बसली. “रत्ना, हे सगळे एकाच वेळी अत्यंत शांत आणि अत्यंत तापट आहेत गं. मुद्दाम उलटे प्रश्न घातलेत, तरी पाच. यांचा स्वभाव शास्त्रातच बसत नाही.” मी म्हटलं, “ताई, पुस्तकासारखं विचारून राहिली तू. तू पाहुणी झाली त्यांची. दारात आलेल्या पोरीले कोण नाही म्हणन?” ती विचारात पडली. मग म्हणाली, “तू विचारून बघ तुझ्या आबाजींना, तुमच्या बोलीत. ते मी मोजणार नाही, पण प्रश्न कसे करायचे ते तरी समजेल.” आणि ती गुड्डीच्या आजोबांकडं गेली, तिथंही पाचच मिळणार हे मला माहीत होतं.

बाकीचे म्हातारे आपापल्या घरी गेले. आबाजी लोडाला टेकून राहिले. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हटलं, “आबाजी, आता खरं सांगा. कामं अर्धी टाकता?”

“हट्!”

“मंग पाच कायले म्हणलं?”

“अवं, ते पोरगी नागपूरवरून आली, उन्हाची. तिले तीन देऊ, दोन देऊ? मी का मास्तर आहो? पाच देल्ले. पोरगी खूश, आपण खूश.”

“नवी गोष्ट आवडते तुमाले?”

“आवडते. पण इचारते कोण मले?”

“लोक काय म्हणतीन, याचा घोर लागते?”

 लोडाच्या अभ्र्यावरचा एक सुटलेला धागा बोटांनी चाचपत राहिले. आबाजींची बोटं अशीच आहेत. डोळ्यांनी दिसत नाही ते त्यांना लागतं. लहानपणी ते माझ्या फ्रॉकची कड चिमटीत धरून सांगायचे, सूत भेसळीचं आहे. मला ती चिमटी आठवली, आणि तिचा वास, खळीचा, थोडा आंबूस, आणि वाटलं की या माणसाला मी रोज बघते, याच्या चहातली साखर मला माहीत आहे, पण एकाही प्रश्नाचं उत्तर मी पैजेवर सांगू शकले नसते. मला वाटलं होतं, या प्रश्नाला तरी ते खरंच पाच म्हणतील.

“लोकायचा?” ते म्हणाले. “या गल्लीतल्या लोकायले जनमभर लुगडे-धोतरं मीच नेसवले. त्यायले मी भेवू?” आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले की खोकला आला. मग डोळे पुसत म्हणाले, “तू सांग. शाळेत डाक्टर आलता म्हणे. काय शिकवलं?”

मी लोड ओढला, आडवा टाकला आणि दाखवायला लागले. कोपरं ताठ, तळव्याची टाच मधोमध, जोरात, भराभर. आबाजी गुडघ्यावर येऊन बघत होते. आणि मग मी, ठरवलं नव्हतं तरी, उशी घेऊन लोडाच्या खालच्या भागावर ठेवली आणि म्हटलं, “अन् बाई पोटुशी असली तं दुसरं माणूस पायजे. हे असं डावीकडं धराले.” आबाजींनी काही न विचारता दोन्ही हात पुढं केले आणि उशी सरकवून धरली. पहिल्याच झटक्यात बरोबर डावीकडं. मी छाती दाबत होते, ते पोट धरून होते. दुपारचं ऊन दारातून आमच्या हातांवर आलं होतं आणि त्यात भुशाचे कण तरंगत होते. हातातली शीर दिसत होती त्यांच्या.

“हे असं धरलं की काय होते?”

“नस मोकळी होते. रगत वर जाते.”

“अन् तरी नाही जमलं तं?”

“तं दवाखान्यात लगेच पोट उघडून बाळ काढतेत. लगेच म्हणजे लगेच, आबाजी. म्हणून दवाखाना जवळ पायजे.”

ते उशी धरूनच बसले. मी दाबायचं थांबवलं तरी त्यांनी हात काढले नाहीत. मग हळूच म्हणाले, “नाकाडोंगरीले आहे असा दवाखाना?”

नाकाडोंगरीचं नाव मी घेतलं नव्हतं.  “आबाजी,” मी म्हटलं, “तुमाले मालूम आहे?”

“मले कोणी सांगतलं का?”

“नाही.”

“मंग मले मालूम नाही.”

“आबाजी!”

“अवं, सून घरात कसी चालते ते सासऱ्याले न पायता समजते. दसऱ्यापासून पाऊल जड पडून राहिलं तिचं. खाली बसताना भिताडाले हात लावते. मले मालूम नसन का? पण मालूम असणं येगळं, सांगतलेलं येगळं. मी आपल्या तोंडानं काढलं तं ते बाई लाजेनं अर्धी होईन. तुहा बाप कुंदन सांगन म्हणून वाट पायली, तो साड्या घडी करत बसला.” त्यांनी उशी उचलली, झटकली आणि जागेवर ठेवली. “बीपीच्या गोळ्या खाते, तेबी मालूम आहे. डब्बी खिडकीत असते. सोमवारी गाडीत बसन ते, अन् मी इथं बसून काय करू? लोडाले धरू?”

त्यांचा आवाज हलला नव्हता. बोटं तेवढी अभ्र्यावर फिरत होती, धागा सापडत नव्हता. मला रडू येईल असं वाटलं आणि आलं नाही. उलट अंगात असं काहीतरी चढत गेलं, माईक हातात आल्यावर चढतं तसं. सगळं घर एकमेकांशी ‘गाळलेल्या जागा भरा’ खेळतंय. बाबा आबाजींच्या जागी उत्तर लिहितात, आबाजी आईच्या जागी, आणि मी सगळ्यांच्या. आणि प्रश्न कोणीच कोणाला विचारलेला नाही.

मी उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. आई पाटावर बसून मेथी निवडत होती, भिंतीला टेकून, पाय जरा सुजलेले. बाबा दुकानातून चहाला आले होते. कोपऱ्यात नाकाडोंगरीची पिशवी अर्धी भरून ठेवलेली. मी म्हटलं, “आबाजीले सांगाले हरकत काय आहे?”

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. बाबांकडं बघितलं. मग म्हणाली, “मामाजीचं नाही बाई. त्यायचं मी पायलं असतं. तुह्यं आहे.”

“माह्यं?”

“तुही अकरावी. पोट्ट्या चिडवतीन, पोट्टे काहीबाही बोलतीन. या वयात माय अशी. तुले सांगतलं त्या दिवशी तू दोन शब्द बोलली अन् सायकल घेऊन निंगून गेली. मी समजली. आत्ता कुठं पोरगी चार माणसांत बोलाले लागली, तिची मान खाली कायले घालू?”

बाबा कपात बघत होते.  म्हणजे माझाही प्रश्न कोणी न विचारता भरून ठेवला होता: लाज, पाचपैकी पाच. आणि मी त्या दिवशी सायकलवर काय करत होते? नावं शोधत होते! गांधीसागर तलावापर्यंत जाऊन परत आले आणि वाटेत मुलीची आठ आणि मुलाची तीन नावं काढली, मुलाची कमीच कारण मला बहीण हवी होती. पाळणा मागाच्या खड्ड्यावरच्या आढ्याला टांगायचा, हेसुद्धा ठरवलं होतं. बोलले नाही, कारण “सांगू नको” म्हटलं होतं! माझ्यासारख्या मुलीला गप्प बसायला सांगितलं आणि मी गप्प बसले, यावरूनच त्यांना काहीतरी कळायला हवं होतं की नाही?

हे सगळं मी आईला एका दमात सांगितलं. अकराही नावांसकट. आईच्या तोंडावर हसू आलं, मग तिनं पदर डोळ्यांना लावला, मग परत हसू आलं. पाचव्या नावाला ती म्हणाली, “हे कसलं बाप्पा नाव, बिस्किटाचं वाटते.” मी तिच्याजवळ खाली बसले आणि तिच्या पोटावर हात ठेवला. पहिल्यांदा. सकाळी दप्तरावर ठेवला होता तो हात. इथं खालून कोणीतरी टुचकन ढोसलं, आणि मी हात काढला नाही. शाळेत डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी त्या दोघांना सांगितलं, घाबरवून नाही, जसं सांगितलं तसं. बाबांनी मध्येच म्हटलं, “पण गाडी करू नं आपण,” आणि मी म्हटलं, “बाबा, गाडी पोचेपर्यंत आईचं काय?” त्यांनी कप खाली ठेवला. मग आईकडं न बघता म्हणाले, “सिस्टरबी हेच म्हणत होती.”

“अन् मामाजी?” आई कुजबुजली. “त्यायले कोण सांगन? तुह्ये बाबा तं सांगत नाहीत.”

मी उठून उभी राहिले. बाहेरच्या खोलीत पूर्ण शांतता होती, कोणीतरी श्वास धरून बसल्यासारखी. दार उघडंच होतं. मी आवाज कमी करायचा प्रयत्न केला नाही.

“ऐका दोघंबी,” मी म्हटलं. “माह्यं ठरलं. आई नाकाडोंगरीले जात नाही. आजीलेच इकडं बोलवा, तिले बोरं आणाले सांगा. बाळ भंडाऱ्याच्या दवाखान्यात होईन, अन् दिवस भरत आले की आपण तिथंच खोली घेऊन राहू, मी पुस्तकं घेऊन येईन. सोमवारी शाळेत रेणू अन् गुड्डीले मी सांगणार आहो, म्हणजे मंगळवारपर्यंत सगळ्या तुमसरले मालूम होईन, तुमाले कोणाले तोंड उघडाची गरज नाही. अन् आबाजीले मी आत्ता सांगाले चालली. तुमी बसा, बाबा, चहा पिऊन घ्या.”